खराट्याची काडी

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी
रिटायर हवालदार मंसाराम उंदिरवाडे माझ्या छपरीत आले.
इस्त्रीची पँट, खिशात पन्नीत गुंडाळलेला फोटो.
"मले ही बंदूक पायजे. लाकडाची.
पण अशी, का तिनंच मले ओळखलं पायजे."

फोटोत ते बावीस वर्षांचे,
मागे रेती आहे की बर्फ, कळत नाही.
बंदूक अर्धीच.
वर दुर्बीण दिसते, गालाखाली लाकडाची उशी दिसते,
नळीचा पुढचा भाग फोटोवाल्यानं कापून टाकलेला.

मी वखर केले, तिफणी केल्या, बाजा केल्या,
झाडीपट्टीच्या नाटकाला एक सिंहासन, दोन तलवारी.
बंदूक कधी नाही.
आमच्या जिल्ह्यात तो शब्दसुद्धा
लोक आधी मागे पाहून बोलतात.

असलीला अक्रोडाचं लाकूड होतं म्हणे.
अक्रोड मी फक्त आरमोरीच्या किराणा दुकानात पाहिला, बरणीत.
माझ्याजवळ बिजाचा एक ओंडका होता, सात पावसाळे बघितलेला.
त्याचा भुसा भिजवला की पाणी चहासारखं होते.
तेच पाणी त्याला परत पाजलं, तीन हात.

"लांबी किती जी?"
त्यांनी हवेत वीत टाकली. पाच विती, वर तीन बोटं.
तेवढी कापली.
मग नातू प्रणित छापलेला कागद घेऊन आला, मापासकट.
चार बोटं कमी भरली.
म्हातारा आधी कागदावर चिडला, मग नातवावर,
मग आपलाच पंजा उलटा-सुलटा करून पाहत बसला.
बंदूक होती तेवढीच होती.
हात आटला होता.

दुसरा ओंडका घेतला.

बोल्टची मूठ मोटरपंपाच्या नटातून काढली, कानशीनं गोल केली.
दुर्बिणीला जुन्या स्टोव्हची पितळी नळी.
काच म्हणून त्यांचाच चष्मा,
मोतीबिंदू काढायच्या आधीचा.
त्यातून पाहिलं तर समोरचा मोह
धुरासारखा दिसे.
वजन भरेना, तर दस्त्यात शिसं ओतलं,
धानाच्या काट्यावर सहादा चढवली.
"अजून," म्हणत.
"अजून थोडी जड होती थे."
कागदातलं वजन कधीच पार झालं होतं.
मी गप्प राहिलो.

अगहनात चौकीवरून दोघं आले. कोणी सांगितलं, माहीत नाही.
त्यांतला तरुण, नगरकडचा असावा, बंदूक हातात घेऊन
थोडा वेळ खूशच झाला.
मग त्याला ड्युटी आठवली.
मी दाराशी टेकलेल्या खराट्याची एक काडी ओढली,
नळीत घातली. दोन बोटं गेली, थांबली.
"पुढं लाकूडच आहे साहेब. गच्च."
त्यानं डायरीत लिहिलं, चहा घेतला,
आणि पलंगाचा भाव विचारून गेला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंसारामजी न्यायला आले.
प्रणितला बाहेर बसवलं.
गाल उशीला लावला. डावा डोळा मिटला.
उजवं बोट चापावर गेलं नाही,
बाजूला सरळ निजून राहिलं.
किती वेळ, मी मोजलं नाही.
भिंगुटी लाकूड कोरत होती, तेवढाच आवाज.
मला वाटलं, आता म्हणतील चापाचा बाक चुकला,
पट्ट्याची कडी अर्धं बोट मागे पाहिजे होती.
तयारीनं उभा होतो, पटाशी हातात.

ते उठले, दाराशी गेले,
खराट्यातून एक काडी उपसली,
नळीत घातली.
दोन बोटं.
काढली, उलटी केली, पुन्हा घातली.
मग दुसरी काडी घेतली, जाड पाहून,
जोर लावला. मोडली.

"बरोबर झाली," म्हणाले.

मजुरीत दीडशे कमी होते. होळीले देतो म्हणाले.
बंदूक दुपट्ट्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांत धरून,
बांधाच्या वाटेनं गेले, नातू मागं.

संध्याकाळी आंगण झाडता झाडता
आमची बायको बडबडली,
"हा खराटा कसा पातळ होऊन राहिला?"